रोटाचं पीठ कोरडंच होतं

गावात माझ्या गोष्टी चाळून घ्यायची पद्धत आहे. घ्या चाळून. पण ही खरी आहे. नवल माझ्या सख्ख्या साडूचा मुलगा, धुळ्याला कामाला असतो. ती मोटारसायकल आजही त्याच्या दारात ताडपत्रीखाली उभी आहे. फुकट देतो म्हणतो. कुणी नेत नाही.

गेल्या श्रावणातला कानबाईचा रविवार, आमच्या खानदेशातल्या देवीचा सण. पारोळ्याच्या पुढे हायवे सोडला की आत आमच्या गावाकडे रस्ता जातो, तिथली गोष्ट. रात्रबित्र काही नव्हती. भर दुपार. पण आभाळ असं खाली उतरलं होतं की ट्रॅक्टरवाले दिवे लावून चालले होते.

पुढे नवल. मागे त्याची बायको दिपमाला, दोन्ही पाय एका अंगाला सोडून बसलेली. मांडीवर पिठाचा डबा.

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाला भाऊबंदांतल्या प्रत्येक घरचं पीठ लागतं. ते भिजता कामा नये, डबा भुईला टेकता कामा नये. हा नवलच्या आईचा, भागाबाईचा दंडक. म्हणून दिपमालानं डबा पदराखाली घेऊन दोन्ही हातांनी कवटाळला होता.

दोन्ही हातांनी.

नवऱ्याला धरायला हातच उरला नव्हता.

त्या घराची आणखी एक रीत होती. पावसात गाडीवर असताना खड्डा आला, ब्रेकर आला, की पुढच्यानं विचारायचं, "शे का?" मागच्यानं म्हणायचं, "शे." आहे का? आहे. एवढंच.

ही रीत उगाच पडली नव्हती. नवलची काकू पुष्पाबाई अशाच कानबाईच्या दिवशी, असाच डबा घेऊन, याच रस्त्यावर काकाच्या मागून पडली होती. काकाला घरी येऊन स्टँड लावल्यावर कळलं. तो माघारी गेला तेव्हा पाऊस तिच्या उघड्या डोळ्यांत पडत होता...

आणि ती पापणी मिटत नव्हती.

"अहो, हळू ना जरा," दिपमाला ओरडली.

"चाळीसच्या वर काटा नाही. तुझ्या भावासारखी चालवू का?"

"माझा भाऊ निदान घरी तरी पोचतो."

"शे का?"

"शे हो, शे!"

दोघंही हसली.

पुढे शाळेजवळचा ब्रेकर आला. पाण्याखाली गेलेला. नवलला तो दिसला तेव्हा फार उशीर झाला होता. त्यानं करकचून ब्रेक दाबला. मागचं चाक सटकलं, गाडी वाकडी झाली, पुन्हा सरळ झाली.

"शे का?"

...

पावसाचा आवाज. इंजिनाचा आवाज.

"शे."

आवाज जरा बसलेला वाटला. गारठली असेल, तो मनात म्हणाला.

"डबा कोरडा आहे ना?"

"शे."

"चिडलीस का काय?"

"शे."

तो हसला. पण खांद्यावर काहीतरी गार लागत होतं. रेनकोटातून आत उतरणारं गार. कुणी ओल्या पंजानं घट्ट धरावं तसं...

दिपमालाचे दोन्ही हात तर डब्यावर होते. हे त्याच्या ध्यानात तेव्हा आलं नाही.

गाडी दाराशी लागली. भागाबाई ओट्यावर उभी होती. तिनं एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा त्याच्या मागे.

"एकलाच उना का रे भाऊ? वहू कोठे शे?"

"ही काय..." म्हणत नवल वळला.

मागे कुणी नव्हतं.

पण सीट...

सगळी गाडी निथळत होती. टाकी, हँडल, आरसे. सीटचा मागचा अर्धा भाग तेवढा कोरडा ठाक. एका अंगाला बसलेल्या बाईएवढा. तिघांच्या... नाही, दोघांच्याच डोळ्यांदेखत त्यावर पहिले थेंब पडले.

तेवढ्यात आतून नवलच्या वहिनीनं, कामिनीनं हाक दिली, "आत्या, देवीपाशी हा पिठाचा डबा कुणी ठेवला? आत्ता तर नव्हता!"

भागाबाई आत गेली. झाकण काढलं. पीठ कोरडं होतं.

ती होती तिथेच बसली. म्हणाली, "पुष्पी घर उनी..."

नवल ऐकायला थांबला नाही. गाडी वळवली आणि सुटला. रस्ता दिसत नव्हता. दिपमाला, दिपमाला, एवढंच तोंडात. काकाला जसं उशिरा कळलं, तसंच आपल्यालाही कळलं. मग तीसुद्धा तशीच...

शाळा दिसली. यावेळी ब्रेकर आठवत होता. त्यानं वेग कमी केला. आणि इतक्या वर्षांची सवय. तोंडानं आपोआप विचारलं,

"शे का?"

विचारल्यावर त्याला कळलं आपण एकटे आहोत.

...

"शे."

अगदी कानाशी.

त्यानं मान वळवली नाही. वळवली असती तर आज मला सांगायला राहिला नसता, असं तो म्हणतो. मग मागून कुणी उतरावं तशी गाडी हलकी झाली. मागचं स्प्रिंग वर आलं. कर्र...

डाव्या हाताला, बाभळीखालच्या चारीत, दिपमाला उताणी पडली होती. पाणी कानापर्यंत आलेलं. डोळे उघडे. पाऊस थेट डोळ्यांत पडत होता.

पापणी हलत नव्हती.

नवल गुडघ्यांवर बसला. तिचं डोकं वर उचलून धरलं. हाका मारल्या. शेवटी त्याच्या तोंडून घोगरं निघालं, "शे का गं?"

कितीतरी वेळानं तिनं पापणी मिटली.

वाचली. पण मांडीचं हाड मोडलं, ते धड जुळलं नाही. आजही लंगडते. धुळ्याच्या दवाखान्यात बोलायला लागली तेव्हा नवल रडत म्हणाला, "मी ब्रेक जोरात दाबला, माझ्यामुळे पडलीस."

"मी पडले नाही," ती म्हणाली. "कानाशी कुणी बाई बोलली. 'सरक वं माय, माले बी घर जानं शे.' फार थकलेली वाटली हो. म्हणून सरकले."

आता सांगा, मोटारसायकलच्या सीटवर सरकायला जागा असते कुठे?

घरी पोचलेली पुष्पाबाई पुन्हा रस्त्यावर का आली? दिपमाला कुठे पडली ते दाखवायला, की आणखी कुणाला आणायला? मला विचारू नका. मी गोष्टीला शेपूट लावणारा माणूस, पण इथे माझीही जीभ अडते. एवढं सांगतो, पावसात मागच्या माणसाच्या नुसत्या आवाजावर जाऊ नका. गाडी थांबवा, वळून पाहा. डबा गेला खड्ड्यात, मागच्याला म्हणावं मला धर.

परवा मी आणि दिपमाला पारोळ्याहून एसटीनं आलो. बाहेर पाऊस लागला होता. बघतो तर ती खिडकीला चिकटून, अंग चोरून बसलेली. शेजारची जागा रिकामी. गाडीत उभं राहायला जागा नाही, आणि ती रिकामी.

एक म्हातारी काठी टेकत आली. "बसू का गं पोरी?"

दिपमालानं खिडकीबाहेरची नजर काढली नाही.

"आठे कोनी शे," म्हणाली. इथे कुणी आहे.

मी त्या सीटवर हात टेकवून पाहिला.

ओली होती...