रुईगोदामाचं सरकतं दार

लोहाऱ्याच्या जिनिंग मिलच्या फाटकात जीप शिरली, तेव्हा सात-आठ जण एका माणसाला लाथांनी तुडवत होते. सहायक निरीक्षक सत्यशीला खोब्रागडे जीप थांबायच्या आधीच उतरल्या आणि हातातली काठी त्यांनी समोर आलेल्या पहिल्याच मनगटावर हाणली. हाड वाजलं. गर्दी फाकली.

खाली भावसिंग पडला होता, मिलमधला, रुईच्या बांधीव गाठी उचलणारा हमाल. ओठ फाटलेला, दोन दात मातीत.

"याच्या बिडीनं माह्या भावाले जाळलं!" अक्षय ओरडला. त्याच्या हातात दांडा होता. "आज हा जित्ता नाही जात!"

अक्षयचा भाऊ कपिल मिलचा फिटर होता. काल भर दुपारी रुईच्या गोदामाला आग लागली. आज सकाळी जळक्या गाठींखालून कपिलचं प्रेत निघालं.

"म्या फाटकाबाहेर बिडी ओढतो, मॅडम," भावसिंग रक्त थुंकत म्हणाला. "गोदामात कायले ओढू? मरायले?"

त्याला जीपमध्ये बसवून बाईंनी दोन शिपाई उभे केले. शिपाई दोन आणि माणसं शंभर. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला सगळे तयारच होते. खरं काय ते लवकर सापडलं नाही, तर आज इथे दुसरा मुडदा पडणार हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

सुपरवायझर इंद्रजित त्यांना आत घेऊन गेला. यंत्रांच्या हॉलमध्ये बाई थबकल्या. पलीकडे गोदामाचा कोळसा झाला होता आणि इथे चुन्याची सफेदी जशीच्या तशी. मधली भिंत जाड विटांची, आणि तिला हॉलच्या बाजूनं सरकणारं भलं भक्कम लोखंडी दार. धूरसुद्धा अलीकडे आला नव्हता.

"दार कोणी लावलं?"

"कोणीच नाही जी. आपोआप लागते. गोदामाच्या अंगाले साखळीत शिशाची कडी राह्यते. आगीच्या तापानं ते वितळते, आन् दार उतरत्या रुळावरून सरकून बंद." इंद्रजितनं डोळे पुसले. "म्या माह्या डोयानं पायलं. धूर दिसला म्हणून एकटाच धावत आलो, तं समोरच दार धाडकन लागलं. कपिल अंदरच राह्यला."

बाईंनी पाहिलं. कडी खरोखरच वितळली होती.

"एरवी दार उघडंच असतं?"

"उघडंच. हातानं ओढलं तं लागते, पण कोणी ओढत नाही. दसऱ्याले यंत्रांची पूजा होते, तवा दाराची मूठ त्या खुंटीले बांधतो. पूजेचा दोरा हाय तो. दुसऱ्या दसऱ्यापर्यंत कोणी हात लावत नाही."

सत्यशीलाबाईंचा दसरा दरवर्षी नागपूरला, दीक्षाभूमीवर. ही रीत त्यांना नवी होती, म्हणूनच त्या खुंटीकडे जरा जास्त वेळ पाहत राहिल्या. खुंटीवर झेंडूची वाळकी माळ होती आणि माळेभोवती लाल दोरा.

हॉल झाडणाऱ्या मैनाबाईला त्यांनी बाजूला घेतलं.

"काल दोरा दाराला बांधलेला होता?"

"होता ना, बाई. आगीच्या जरा आधी मी तिथंच झाडून राह्यलती."

"कपिलचं कोणाशी वैर होतं?"

मैनाबाईनं मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमच्यातल्या ममताची बोटं यंत्रात गेली ना, तवा कपिलनं इंद्रजितच्या कानाखाली वाजवली. साऱ्या मजुरांसमोर. यंत्रावरची हात वाचवायची जाळी इंद्रजितनंच काढेल होती."

तेवढ्यात फोन वाजला. शवागारातून डॉक्टर बोलत होते. कपिलची कवटी मागून फुटली होती. श्वासनळीत काजळीचा कणही नव्हता.

बाईंनी इंद्रजितला दारापाशी उभं केलं. अक्षयलाही बोलावलं.

"इंद्रजित, दार तुमच्यासमोर आपोआप लागलं?"

"शंभर खेपा सांगतो. आपोआप."

"मग दोऱ्याचं काय झालं?"

"तुटला असन. एवढ्या भारी दारापुढं दोरा काय टिकते?"

"बरोबर. तुटायलाच हवा होता." बाईंनी माळ खुंटीवरून उतरवली, दोरा उलगडला आणि दोन्ही हातांत ताणून धरला. अख्खा होता. टोकांना गाठीचे पीळ तेवढे उरले होते.

"आग गाठ सोडत नाही, इंद्रजित. आणि सोडलेला दोरा माळेभोवती गुंडाळून खुंटीवर ठेवत नाही. दार माणसानं लावलं. कडी वितळली ती नंतर, आत आग भडकल्यावर. दार कोणीही ओढलं असतं तरी ती वितळलीच असती. म्हणजे आपोआप लागलेलं दार तुम्ही पाहिलंच नाही. कपिल मेला तेव्हा तर धूरही नव्हता. तुम्ही मागून त्याचं डोकं फोडलं, रुईला काडी लावली आणि दार ओढलं. मुडदा जळावा आणि मिल वाचावी, म्हणून. पण दारानं आपलं काम चोख केलं. आग तिकडेच अडवली, म्हणून हा दोरा वाचला."

इंद्रजितनं यंत्रावरचा लोखंडी पाना उचलला आणि बाईंच्या डोक्यावर घातला. त्या वाकल्या, घाव खांद्यावर बसला. दुसरा घाव पडायच्या आत अक्षयनं त्याला आडवा केला आणि तोंडावर ठोसे मारत सुटला. नाक फुटलं, रक्त सफेद भिंतीवर उडालं.

"पुरे!" बाईंनी अक्षयची मानगूट धरून त्याला ओढला. "मघाशी भावसिंगबद्दलही तुला अशीच खात्री होती."

अक्षयचा हात हवेतच थांबला.

बेड्या घालताना खांदा ठणकत होता, तरी बाईंना राहवलं नाही. "डोकं फोडताना हात कापला नाही तुझा. दोरा का नाही तोडलास? एका हिसक्याचं काम होतं."

काय वेड्यासारखं विचारते ही बाई, अशा नजरेनं इंद्रजितनं वर पाहिलं.

"पूजेचा होता ना, मॅडम. तो कोणी तोडते काय?"

अक्षय बाहेर गेला. फाटकाशी पडलेला आपला दांडा ओलांडून, मान खाली घालून तो जीपकडे निघाला. भावसिंगनं त्याला येताना पाहिलं आणि दोन्ही हात डोक्यावर धरले.