आय विसरलात तुम्ही

साताऱ्याच्या कॉलेजात गणिताची कार्यशाळा होती. मधल्या सुट्टीत कँटीन गच्च भरलं होतं. सांगलीहून आलेल्या ब्राह्मीला एकच खुर्ची मोकळी दिसली. समोर एक तरुण कागदावर डोळे रोखून बसला होता. चहावर साय धरली तरी त्याला पत्ता नव्हता.

कागदावर सकाळचंच डिफरन्शियल इक्वेशन होतं. त्यानं फूरिये ट्रान्सफॉर्म लावला होता, डेरिव्हेटिव्ह जाऊन साधा गुणाकार उरला होता. पण शेवटच्या भागाकारात खाली शून्य येत होतं... आणि गाडी तिथंच रुतली होती.

ब्राह्मीला राहवेना. "आय विसरलात तुम्ही."

तो दचकला. "आयला कसा विसरंन? सकाळीच फोन केलाय म्हसवडला."

तिला ठसकाच लागला. "अहो, ती नाही! हा आय, उणे एकाचं वर्गमूळ. दर डेरिव्हेटिव्हला एक. इथं दोन आहेत, त्यांचा गुणाकार उणे एक. चिन्ह बदला."

चिन्ह बदललं, शून्य गेलं. तो हसला, गालाला खळी पडली. "मी प्रथमेश. तुमी कागद उलटा वाचत हुता?"

"हो."

"सुलटा वाचायला लागलात तर माझं काय खरं न्हाई."

मग प्रथमेशला दर रविवारी शंका येऊ लागल्या — आणि त्या विचारायला सांगलीच लागे. हिवाळा सरेपर्यंत 'तुमी'चं 'तू' झालं होतं.

अशाच एका दुपारी दोघं कृष्णेच्या घाटावर बसले होते. ब्राह्मी म्हणाली, "या रीतीनं एकच उत्तर कसं येतं? वर्गात आणखी दोन निघाली होती."

"ती लांब गेल्यावर हाताबाहेर वाढत्यात. एक इकडं, एक तिकडं. ट्रान्सफॉर्म असली धरत न्हाई. लांब जाऊन शांत हुतंय तेवढंच धरतो."

"मग आपलं काही त्यात बसायचं नाही, वाढतच चाललंय," ती बोलून गेली, आणि कानापर्यंत लाल झाली.

प्रथमेश पाण्याकडं बघत राहिला. "तुमी जैन, बस्तीत जाणारी माणसं, आमी बुद्धाच्या विहारात. मला फलटणला नोकरी लागलीय, ब्राह्मी. म्हटलं, लग्नाचं न विचारताच जावं. तू हो म्हणालीस आणि घरी रडारड झाली तर..."

"माझं उत्तर मला न विचारताच काढलंस?" ती त्याच्याकडं वळली. "मी काल घरी आई-आप्पांना आपलं सांगितलं."

त्याचा चेहरा उतरला. "काय म्हणाले?"

"हळदीला पाणी देत होते. आई डोळ्याला पदर लावून आत गेली. मग आप्पा माझ्याकडं न बघताच म्हणाले, 'उद्या जेवायला बोलाव त्याला. पण दिस असताना ये म्हणावं. दिवे लागल्यावर आपल्यात जेवत न्हाईत, एवढं त्याला आत्ताच कळलेलं बरं.'"

"उद्या... म्हंजे आज?"

"आज."

"आणि आई?"

"सकाळपासून बोलली नाही माझ्याशी. पण निघताना बघितलं, पुरणाची डाळ शिजत घातलीय."

प्रथमेश ताडकन उठला. पलीकडच्या काठावर ऊन कललं होतं. त्यानं हात पुढं केला — पहिल्यांदाच.

"ऊठ की मग," तो म्हणाला, "दिस मावळंल."