भट्टीवरचा एक मिनिट

आधीच माफी मागतो. मी नववीत शाळा सोडली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, आणि भारी शब्द मला येत नाहीत. कमळाकरमामांनी सांगितलं तसं लिहितोय, बस.

मामांचं पनवेलला कॅमेरे आणि माइक भाड्याने द्यायचं दुकान आहे. पळस्प्याजवळ एका हळदीचं शूटिंग उरकून आम्ही पोरं अंधारात टेम्पोची वाट बघत बसलो होतो. प्रितमने माइकवरची केसाळ टोपी खिशात कोंबली, तसे मामा खेकसले, "मांजर पाळलंय का खिशात? नीट पेटीत ठेव!" सगळे हसले. मामा नाही हसले. म्हणाले, "सुरज माहीत नाही तुम्हाला. माझ्याच हाताखाली शिकला."

आणि त्यांनी सांगायला घेतलं.

साल २०२२. डिसेंबरची तेवीस तारीख, शुक्रवार, अमावस्या. सुरज रोडपालीला राहायचा. नवी लेन्स घ्यायची सोडून त्याने मामांचं ऐकून माइक घेतला होता, लांब नळीसारखा. ज्या दिशेला धराल तिकडचाच आवाज तो उचलतो, आजूबाजूचा सोडून देतो. सोबत वेगळा रेकॉर्डर, कारण नुसत्या कॅमेऱ्यात खरखर येते. आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन.

त्या दुपारी काम होतं आनंदाशेठच्या साठीच्या फिल्मचं. शेठच्या वीटभट्ट्या होत्या. पण शूटिंग त्याला पहिल्या भट्टीवरच हवं होतं, जी दोन वर्षं बंद पडून होती. "याच भट्टीवर मी मोटा झालो" असं बोलायचं होतं. अडचण एकच. शेठ प्रत्येक वाक्याआधी खाकरायचा.

"शेठ, तेवढं खाकरू नका ना."

"माज्या गल्याला काय धाड भरलीय काय रं? तू कापून टाक. तुला कशाला आनलाय?"

तेवढ्यात गोदा पुढे आली. डोंगराकडच्या पाड्यावरची, गोमाची बायको. गोमा याच भट्टीवर विटा रचायचा. दोन वर्षांपूर्वी एका रात्रीत नाहीसा झाला. तिने माइककडे बोट केलं.

"दादा, या नलीतून लांबच्या मानसाचा आवाज येतो का? माजा गोमा हाय का नाय, तेवढंच कललं पायजे. कुंकू लावू का पुसू? दोन वर्सं झाली, समजत नाय."

शेठ खाकरला आणि हसला. "अगो, पलाला तो दुसरीसंगती. आता टीवीवर दिसंल तुला!"

शेठची माणसंही हसली. सुरज मान खाली घालून वायर गुंडाळत राहिला. गोदा उभीच होती.

या धंद्यात एक रीत आहे. शूटिंग संपलं की सगळ्यांना गप्प करून त्या जागेचा एक मिनिट रिकामा आवाज घ्यायचा. पुढे एडिटिंगला तुकडे जोडताना मधल्या फटी त्याने भरतात. नाहीतर ऐकणाऱ्याला आवाज तुटल्यासारखा वाटतो. सगळे जेवायला पळाले आणि सुरज तो मिनिट घ्यायचा विसरला.

संध्याकाळी घरी बसून त्याने शेठचं खाकरणं कापलं. बेचाळीस ठिकाणी. बेचाळीस फटी पडल्या. सकाळी अकराला कार्यक्रम. त्याने पेटी उचलली, बाईक काढली.

"भूत म्हटलं की तुम्हाला रात्रीचे बारा लागतात," मामा म्हणाले. "ही पावणेनऊची गोष्ट आहे. हायवेवर ट्रक चालू होते."

भट्टीवर कोणी नव्हतं. सुरजने स्टँड लावला. हायवेकडे पाठ, माइक भट्टीकडे. हेडफोन चढवले, आवाज वाढवला, बटण दाबलं. आकडे पळू लागले.

दहा सेकंद. रातकिडे. वारा.

चौदा. कोणीतरी खाकरलं.

सुरजने वळून पाहिलं. कोणी नाही. एक कान मोकळा केला. शांत. पुन्हा झाकला.

पुन्हा खाकरणं. संध्याकाळभर कापलेलं. हजारात ओळखलं असतं त्याने.

मग धप्प. रेकॉर्डरवरची आवाज दाखवणारी पट्टी लाल झाली.

"शेठ, नको… घरी जाऊ द्या… गोदा वाट बगते…"

सुरजने माइक उजवीकडे फिरवला. रातकिडे. डावीकडे. रातकिडे. भट्टीच्या कोपऱ्याकडे आणला…

धप्प. हाड मोडल्याचा आवाज.

बंद करायला त्याने हात उचलला. हात उचलेना. मनगटावर कोणीतरी गुडघा दाबून बसलं होतं. दिसत कोणी नव्हतं.

तीस.

खाकरणं. पुढचा घाव सुरजच्या बरगडीत बसला. तो कोसळला. हेडफोन निघेनात. खाकरणं. घाव पाठीत. खाकरणं. घाव तोंडावर. जिभेवर त्याचा स्वतःचा दात आला. तोंड रक्ताने भरलं.

"पानी… शेठ… घोटभर पानी…"

पाणी नाही. खाकरणं.

पंचेचाळीस. ओढत नेल्याचा आवाज. मग विटा. टक. टक. एकावर एक. आणि विटांच्या आतून… नखं.

पंचावन्न. जाळ पेटल्याची सरसर.

आतून पुन्हा तेच. पानी…

साठ.

रेकॉर्डर आपोआप थांबला.

  प्रितमने हळूच माइकची टोपी पेटीत ठेवली.

सुरज कसाबसा घरी पोचला, आणि सकाळी त्याने आरशात पाहिलं. पाठभर काळेनिळे वळ, दांड्याच्या जाडीचे. फिल्म घेऊन तो शेठकडे गेला नाही. पाड्यावर गेला. गोदाच्या दारात बसून त्याने रेकॉर्डर लावला आणि आधी स्वतः ऐकलं. रातकिडे. नुसता वारा. पट्टी सपाट.

"काही नाही आलं, वहिनी," तो म्हणाला. फुटलेल्या ओठांतून तेवढंच निघालं.

"बगू दे मला."

तिने हेडफोन घातले. सुरज पट्टीकडे बघत होता. पट्टी हलली नाही. गोदाचे ओठ मात्र हलत होते. कोणाला तरी हां, हां म्हणत असल्यासारखे. पूर्ण एक मिनिट.

हेडफोन काढून तिने त्याच्या हातात दिले.

"तान लागलीय त्याला," ती म्हणाली.

सुरजने तिला एक शब्दही सांगितला नव्हता.

तिने पदराने कपाळ पुसलं. दोनदा, घासून. कळशी भरून डोक्यावर घेतली आणि चालू लागली. सुरज मागोमाग. भट्टीवर आल्यावर ती कुठे थांबली नाही, काही शोधलं नाही. सरळ त्याच कोपऱ्याशी गेली आणि कळशी ओतली.

भट्टी विझून दोन वर्षं झाली होती. थंडीने विटांवर दव धरलं होतं.

चर्रर झालं. त्या एवढ्याच विटांमधून पांढरी वाफ वर आली.

सुरजने हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मग अंगातला शर्ट काढून हाताला गुंडाळला, आणि पहिली वीट उपसली.