चार नंबरचं कोठार

पटो न पटो, हे घडलंय. माझी सख्खी ताई तेव्हा ड्युटीवर होती. भुताखेतांवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता.

त्या गुरुवारपर्यंत...

ताई अलार्म कंट्रोल रूममध्ये कामाला होती. वस्तीपासून लांब, डोंगरात सुरुंगाच्या दारूची कोठारं. प्रत्येकाच्या दारावर सेन्सर, आत धोक्याचं बटण. ताईचा कॉम्प्युटर सतत एकेका कोठाराला हाक मारायचा, तिकडून ‘ओ’ यायची. ओ आली नाही, दार हललं किंवा बटण दाबलं, की पडद्यावर लाल पट्टी आणि कर्कश भोंगा.

हिवाळ्यात ताई रजेवर असताना चार नंबरचे पहारेकरी काका आत अडकले. गुदमरून गेले.

ताईचे साहेब म्हणाले, "म्हातारा प्यायलेला होता. बटण दाबायची शुद्धच नव्हती."

चौकशीत दोघांनी तशी साक्षही दिली. पण काकांनी जन्मात थेंबाला हात लावला नव्हता.

पुढे ते कोठार रिकामं केलं. वायरी काढल्या. पडद्यावरूनही चार नंबर पुसला.

त्या गुरुवारी, भर दुपारी, ताईनं डबा उघडला...

आणि भोंगा वाजला.

चार नंबर. धोक्याचं बटण.

तिनं बंद केला. पुन्हा वाजला. पुन्हा बंद. पुन्हा...

साहेब तणतणत आले. "कुणाला मस्ती आलीय? मीच बघतो जाऊन!"

"साहेब, तिथे वायरच नाहीये..."

ते गाडी काढून गेलेसुद्धा.

तासाभरानं त्यांचा फोन आला. "आत कुणी नाही. बटणाच्या जागी नुसतं भोक आहे. तू पण ना..."

मग त्यांचा आवाज फोनपासून लांब गेला.

"...काका?"

धाडकन दार आपटलं. फोन बंद.

ताईनं पडद्याकडे पाहिलं. लाल पट्टी नव्हती. चार नंबरसमोर हिरवी अक्षरं... ‘सर्व ठीक’.

तिनं शेजारच्या कोठारावरच्या पहारेकऱ्यांना तिकडे धाडलं. त्यांना दार नुसतं लोटलेलं दिसलं. ना कडी, ना कुलूप. आत साहेब भिंतीतल्या भोकात अंगठा खुपसून उभे. नखं उखडलेली.

जिवंत होते. पण तेव्हापासून भेटेल त्याला एकच सांगतात, "काकांनी बटण दाबलं होतं. सारखा बोंबलतो म्हणून अलार्म मीच बंद ठेवला होता."

ताई काकांच्या घरी, काकूंकडे गेली. म्हणाली, "काकू, खरं बाहेर आलं. आता काकांना शांती मिळेल."

काकू हातातलं कापड शिवत राहिल्या. मानही वर केली नाही.

"इतक्यात कुठली शांती गं... खोटी साक्ष देणारे अजून दोघं आहेत."

ताईनं नोकरी सोडली.

त्या दोघांना सावध करावं की नाही... आमचं अजून ठरत नाहीये.