न बोललेली चार मिनिटं

खरं तर त्या सकाळी माइकसमोर माझी मावसबहीण उभी राहायची होती. तिचा घसा बसला, म्हणून मी गेले. स्टुडिओचं दार मी ढकललं, त्याच क्षणी आतून कोणीतरी ओढलं — आणि मी थेट त्याच्या चहाच्या कपावर!

"अगं बाई!"

"आवाज चांगला आहे तुमचा," भिजलेला शर्ट झटकत तो म्हणाला. "आता जरा लांबून ऐकवा."

तो ध्वनिमुद्रक. काचेपलीकडे तो, अलीकडे मी. एका परदेशी सिनेमाला आपल्या भाषेतले आवाज द्यायचे होते. पाच मारधाडपटांच्या गठ्ठ्याबरोबर तो सिनेमा स्टुडिओच्या मालकांच्या गळ्यात पडला होता. "ना गाणं, ना मारामारी! कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही," हे त्यांचं पालुपद. पहिल्या दहा मिनिटांपुढे त्यांनी तो पाहिलाही नव्हता.

आठ दिवस मी नायिकेचे संवाद बोलत होते. चुकलं की काचेपलीकडे एक भुवई वर. जमलं की दोन्ही. मी अधूनमधून मुद्दाम चुकते, हे त्याला कळलं असावं...

नवव्या दिवशी तो प्रसंग आला. वर्षभरानं बोटीवरून परतलेला नवरा दारात उभा. ती त्याच्या ओल्या कोटाची बटणं काढते. एकेक करून. चार मिनिटं, आणि एक शब्द नाही! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. इतकं प्रेम, आणि इतकं गप्प... असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"इथे मनातलं बोलणं घाला," मालकांनी कागद पुढे केला. "‘किती वाट पाहिली, राजा’ वगैरे. नाहीतर कात्री लावतो. लोक उठून जातील."

इशाऱ्याची बीप तीनदा वाजली. आता बोलायचं. पहिलंच काम, तेही उसनं. पण पडद्यावर तिची बोटं दिसली आणि माझं तोंड उघडेचना. मी काचेपलीकडे पाहिलं. त्यानं ध्वनिमुद्रण थांबवलं नाही.

"बोलला का नाहीत?" मालक कडाडले. "उद्यापासून बहिणीलाच पाठवा!"

"ती बोलत नाहीये ना, साहेब..." मी पडद्याकडे बोट दाखवलं.

"अहो, तुम्हीच जरा गप्प बसा." दारात मालकीणबाई उभ्या होत्या. नवऱ्याचा डबा घेऊन आलेल्या, तो हातात तसाच. डोळे भरलेले. "परत लावा ते. आणि तुम्ही बसा इथे."

मालक बसले. चार मिनिटं हलले नाहीत. मग नाक पुसत म्हणाले, "राहू दे."

थिएटरवाल्यांनी सिनेमाला सकाळचा एकच खेळ दिला, तोही सगळ्यात लहान पडद्यावर. जेमतेम चार रांगा भरल्या. पण तो प्रसंग आला आणि कोणी खोकलंसुद्धा नाही. त्या शांततेत मला एक श्वास ऐकू आला — पडद्यावरून, पण अगदी ओळखीचा.

"तुमचाच आहे," शेजारून तो कुजबुजला. "त्या दिवशीचा. पुसायला हवा होता... पण रोज ऐकत बसलो. तुम्ही मला फार आवडता."

मी पडद्याकडेच पाहत राहिले.

"मनातलं बोलणं घालू का?" त्यानं हसत विचारलं, पण आवाज कापत होता.

पडद्याच्या उजेडात त्याच्या शर्टावरचा चहाचा फिकट डाग दिसत होता. वरचं बटण सुटलं होतं. मी ते लावलं. अगदी सावकाश.