आल्बरोकची संतांची भिंत

फ्रान्सच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलखात, तीन बाजूंना तुटलेले कडे आणि तळाशी खळाळणारी नदी अशा एका सुळक्यावर आल्बरोक नावाचे तटबंदीचे गाव होते. ऑक्टोबरातल्या त्या पहाटे दरीतले धुके जसजसे विरत गेले, तसतशी गावाची पूर्वेकडची, जमिनीला जोडलेली एकमेव बाजू उघडी पडू लागली: आधी उमराव रोस्तांच्या छावणीतल्या राहुट्या, मग मोर्च्यांचे लाकडी आडोसे, मग खंदक आणि खंदकाच्या काठावर, तटातूनच उगवल्यासारखा उभा असलेला चर्चचा अर्धगोल गाभारा.

हा गाभारा म्हणजेच त्या बाजूचा बुरूज. दीडशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी तो तशाच हिशेबाने बांधला होता. दोन माणसे लांबीला लांबी लावून झोपावीत इतक्या जाड भिंती आणि खिडक्या म्हणाल तर तीर सोडण्यापुरत्या फटी. परंतु बारा वर्षांपूर्वी मठाधिपती एमेरिक यांना उत्तरेकडच्या नव्या रीतीचे, टोकदार कमानींचे, उजेडाने भरलेले चर्च हवेसे वाटले. आणि गावचा मुख्य स्थपती गौसेल्म याने जुनी भिंत उतरवून तिच्या जागी सडपातळ खांब, उंच कमानी आणि निळ्या-तांबड्या काचा उभ्या केल्या. तो प्रकाश पाहायला लोक दोन-दोन दिवसांची वाट तुडवून येत. आता वेढ्याच्या एकेचाळिसाव्या दिवशी गौसेल्म त्याच गाभाऱ्याकडे पाहत तटावर उभा होता. कारण शत्रूचा जासूद निरोप घेऊन आला होता की, सुरुंग तयार आहे.

बंदुकीची दारू त्या काळी त्या मुलखात ठाऊक नव्हती. सुरुंग म्हणजे तटाच्या पायाखाली खणलेले भुयार. वरचा भार लाकडी टेकूंवर तोलून धरायचा, टेकूंभोवती सरपण आणि डुकराची चरबी रचायची आणि वेळ येताच आग द्यायची. टेकू जळाले की तट खाली बसतो. शिरस्ता असा की, आग देण्यापूर्वी वेढा घालणाऱ्याने आतल्यांचा एक जाणकार बोलवावा, त्याला भुयार दाखवावे आणि शरण येण्याची संधी द्यावी. रोस्तांने ती दिली होती, पण दयेपोटी नव्हे. आल्बरोकच्या ब्रुनिसेंदबाईंचा भाऊ कुमक घेऊन निघाला होता आणि आठ दिवसांच्या अंतरावर होता. तो आला तर याच तटाआड राहून रोस्तांला त्याच्याशी लढायचे होते. पडक्या तटाचे गाव त्याच्या कामाचे नव्हते.

ब्रुनिसेंदबाई विधवा होत्या. पती गेल्यापासून साठ शिपाई आणि चारशे माणसांचे ते गाव त्याच सांभाळत. भुयार पाहायला जाणार होता गौसेल्म; त्याला बोलावून त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. पेरात गावाला याच रोस्तांने अभयवचन दिले होते आणि दरवाजे उघडल्यावर तीस पुरुष तिथल्या चर्चच्या खिडक्यांना टांगले होते, हे त्याने विसरू नये. आणि भुयारात जे दिसेल ते जसेच्या तसे सांगावे.

भुयाराच्या तोंडाशी गौसेल्मची वाट पाहत पोन्स उभा होता. रोस्तांच्या सुरुंग्यांचा हा नाईक गौसेल्मच्या बायकोचा, गिरोदाचा, सख्खा भाऊ. बारा वर्षांपूर्वी दोघांनी मिळून त्या गाभाऱ्याचा पाया घातला होता आणि पाया पुरा होताच पोन्स गाव सोडून गेला होता. का गेला, ते गावात कोणी विचारले की गौसेल्म विषय बदलत असे.

दोघे वाकून आत शिरले. ओल्या मातीचा आणि चरबीचा वास कोंडलेला होता. चाळीस पावलांवर पोन्सने दिवा वर धरला. टेकूंवर तोललेले ते गाभाऱ्याच्या उत्तरेकडील खांबाचे बूड होते आणि त्याच्या खाली खडक नव्हताच. होती ती नुसती भर: फुटकी कौले, राख, दगडांच्या कपच्या. पूर्वी तिथे दगडाची खाण होती. ती बुजवलेली होती. खडक लागेपर्यंत खणू, असे पोन्सने तेव्हा परोपरीने सांगितले होते आणि हिवाळ्यापूर्वी छत चढवण्याच्या हट्टाने गौसेल्मने त्या भरावावरच खांब उभा केला होता.

“नीट बघून घे,” पोन्स म्हणाला. “आग लावली की हा खांब दुपार बघायचा नाही. गिरोदा कशी आहे?”

“बरी आहे.”

“मग गाव खाली करायला लाव. तिच्या घराला कोणी हात लावणार नाही, एवढं मी उमरावांकडून मागून घेतलंय.”

“आणि बाकीची घरं?”

पोन्सने दिवा खाली घेतला.

वर आल्यावर गौसेल्मला रोस्तांपुढे उभे केले गेले. भुयारातून बाहेर येईपर्यंतच्या चाळीस पावलांत त्याचे मन ठरले होते. आपला आब राखून तो म्हणाला की, खांब पडणार यात शंका नाही, बाईसाहेबांना आपण तेच सांगू. परंतु गावातल्या वडीलधाऱ्यांची समजूत घालायला तीन दिवस लागतील, तेवढे मिळाल्यास चौथ्या पहाटे दरवाजे उघडतील. रोस्तांने संतांच्या अस्थींची पेटी आणवली. तिच्यावर हात ठेवून गौसेल्मने शपथ घेतली. तेवढ्याने उमरावाचे समाधान झाले नाही. जामीन कोण, असे त्याने विचारले.

गौसेल्मच्या काही ध्यानात येण्याआधीच पोन्स पुढे झाला. “हा माणूस हट्टी आहे, सरकार,” तो म्हणाला, “पण खोटी शपथ घेणारा नाही. माझी मान घ्या.”

गौसेल्म हे तिथेच थांबवू शकला असता. एक शब्द बोलला असता, तर पोन्स मागे सरला असता आणि भुयाराला त्याच दिवशी आग लागली असती. तो बोलला नाही. मुजरा करून तो गावाकडे वळला.

बाईसाहेबांना त्याने सारे खरे सांगितले. गाभारा वाचणार नाही, हेही. पण गाभारा आणि सभामंडप यांच्यामध्ये जी मोठी कमान आहे, ती तीन दिवसांत बुजवता आली, तर शत्रू पडलेल्या दगडांवरून चढून आत येईल आणि पुन्हा एका भिंतीपुढे उभा राहील. भिंतीला दगड कुठला, असे त्यांनी विचारले. गावातली घरे मातीची होती. गौसेल्मने चर्चच्या दर्शनी दरवाजाकडे बोट दाखवले.

त्या दरवाजावर अंतिम न्यायाचा कोरीव पट होता: मधोमध ख्रिस्त, एका हाताला तरलेले जीव, दुसऱ्या हाताला राक्षसांच्या जबड्यात चाललेले. आत भिंतींना लावलेल्या शोभेच्या प्रत्येक खांबाच्या माथ्यावर सिंह, द्राक्षवेली, प्रेषित. दीडशे वर्षांचे ते काम उतरवायला लोक पहारी घेऊन आले, तेव्हा मठाधिपती एमेरिक उंबऱ्यावर आडवे पडले. त्यांना उचलून बाजूला करावे लागले. त्याच दुपारी त्यांचा सेवक तटावरून टोपलीत चिठ्ठी सोडताना पकडला गेला. भिंतीची खबर रोस्तांला कळवण्याचा तो बेत होता. बाईसाहेबांनी मठाधिपतींना त्यांच्याच खोलीत कोंडले. पहारींचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मठातले बाकीचे साधू दिवसभर मोठ्याने प्रार्थना म्हणत राहिले आणि छावणीतल्या लोकांना वाटले, गाव शरण जाण्यापूर्वी देवाची क्षमा मागते आहे.

दुसऱ्या दिवशी गिरोदा बायकांच्या रांगेत दगड वाहत होती. तिच्या पाटीत एका देवदूताचे अर्धे डोके होते. गौसेल्मपाशी ती थांबली.

“तीन दिवस त्यांनी फुकट दिले नसतील,” ती म्हणाली. “जामीन कोण राहिलंय?”

“पोन्स.”

“त्याला सांगितलंत?”

“नाही. सांगितलं असतं तर तो राहिला नसता.”

गिरोदाने पाटी सावरली आणि ती कमानीकडे चालू लागली. त्यानंतर तिने असंख्य खेपा केल्या, पण नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही.

चौथ्या पहाटे जासूद आला आणि बाईसाहेबांनी तटावरून नकार कळवला. अर्ध्या घटकेत खंदकापलीकडे फाशीचा खांब रोवला गेला. गौसेल्म मुद्दाम तटावर जाऊन, दिसेल अशा जागी उभा राहिला. पोन्सने त्याच्याकडे एकदाच पाहिले. मग दोर गळ्यात पडेपर्यंत तो गाभाऱ्याच्या त्या उत्तरेकडील खांबाकडे पाहत होता. तटावर गिरोदाही होती. तिने तोंड फिरवले नाही.

मग भुयाराला आग लागली. पोन्स म्हणाला होता तसेच झाले. मध्यान्हीच्या आधी खांब आत बसला, त्यामागोमाग कमानी, छत आणि साऱ्या काचा खंदकात कोसळल्या. धुरळा बसण्याची वाटही न पाहता रोस्तांचे लोक आरोळ्या देत ढिगाऱ्यावर चढले आणि गाभाऱ्यात उतरून जागच्या जागी थबकले. समोर दोन पुरुष उंचीची भिंत होती. तीत आडवे, उलटे, जसे बसतील तसे बसवलेले प्रेषित होते, सिंह होते, राक्षसांचे जबडे होते, आणि वर आल्बरोकचे तिरंदाज. मागून लोटणाऱ्या गर्दीमुळे पुढच्यांना मागे सरता येईना. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून दोनदा हल्ला झाला, दोन्ही वेळा तो त्या खळग्यातच जिरला. गाभारा पडल्यापासून पाचव्या दिवशी बाईसाहेबांच्या भावाची निशाणे डोंगराच्या खिंडीत दिसली आणि रोस्तांने राहुट्या उपटल्या.

विजयाच्या दिवशी बाईसाहेबांनी गौसेल्मला सर्वांसमक्ष बोलावून नव्या गाभाऱ्याचे काम देऊ केले. त्याने ते नाकारले. तिथेच, चारशे माणसांपुढे, त्याने सांगितले की, खांबाखाली बुजवलेली खाण होती, हे आपल्याला बारा वर्षे ठाऊक होते. पोन्सने बजावले होते, आपण ऐकले नाही. आपण खणले असते तर सुरुंग लागलाच नसता. त्याचा जयजयकार करायला जमलेले लोक तसेच पांगले. खोट्या शपथेबद्दल बिशपने त्याला सात वर्षे चर्चच्या आवारात पाऊल न टाकण्याचे प्रायश्चित्त दिले. पोन्सचे प्रेत गौसेल्मने स्वतः उतरवून आणले. गिरोदाने भावाला आंघोळ घातली आणि आवाराच्या भिंतीबाहेर माती दिली.

त्यानंतर ती त्याच घरात राहिली. भाकरी भाजत होती, त्याचे कपडे धूत होती. बोलत मात्र नव्हती.

तिसऱ्या वसंतात उत्तरेकडून दुसरा स्थपती आला आणि पायाचे खणकाम सुरू झाले. गौसेल्म रोज आवाराबाहेर, कुंपणाला लागून उभा राही. मजूर काढत असलेला तो भराव, ती कौले, ती राख पाट्यापाट्यांनी त्याच्यासमोरून जात असे. एके दिवशी दुपारी पाट्या यायच्या थांबल्या. आत काय चालले आहे ते त्याला दिसेना आणि कोणाला विचारायचा धीर होईना. थोड्या वेळाने गिरोदा आवारातून बाहेर आली. ती शिडीने पार तळापर्यंत उतरली असावी. तिचे दोन्ही तळवे पांढऱ्या भुकटीने माखले होते.

त्याच्यासमोर येऊन ती थांबली.

“खडक लागला,” ती म्हणाली.