गिनतीतला पाचवा

राळेगावात त्या वर्षी रात्री आठला वीज जायची ती अकराला यायची. तेवढा वेळ आम्ही गझालाच्या घरापुढच्या ओट्यावर बसायचो. तिचे अब्बा, जमीरचाचा, दिवसभर गाड्या दुरुस्त करायचे आणि अंधार पडला की बोलायचे. ही गोष्ट त्यांच्या धाकट्या भावाच्या, हाफिजच्या, डोळ्यांदेखत घडलेली.

"मी सोता नाही पाह्यली," चाचांनी आधीच सांगून टाकलं. "पण हाफिज खोटं बोलत नाही. त्याले तेवढी अक्कलच नाही."

आतून जुबैदाचाची हसल्या.

गेल्या वर्षीची, म्हणजे दोन हजार सहाची, भोगीची रात्र. जनरेटरचा पट्टा तुटला होता म्हणून हाफिज संध्याकाळी गावात आला. नवा पट्टा घेतला, भावाकडे चहा प्यायला आणि मोटारसायकलवरून परत गेला. गावाबाहेर दूर एका शेतात कंपनीची रिग उभी होती. जमिनीखाली कोळसा आहे का, त्या कोळशात गॅस आहे का, हे बघायला तिथं रात्रंदिवस भोक पाडणं चालू होतं. हाफिज तिथं जनरेटर सांभाळायचा. आजूबाजूला पऱ्हाटी उभी होती. कापसाला भाव नव्हता, वेचणीची मजुरीही निघत नव्हती, म्हणून फुटलेली बोंडं तशीच लोंबत होती.

रात्रपाळीचा प्रमुख होता देवसिंग राठोड. फौजेतला निवृत्त हवालदार. घरी आल्यावर त्यानं नागपूरला आग आणि गॅसपासून बचावाचं शिक्षण घेतलं आणि या कामात शिरला. महिन्यापूर्वी त्यानं आपल्याच तांड्यातला, आपल्याच पलटणीतला हरिसिंगही कामाला आणला. हरिसिंगची बायको लालीबाई तयार नव्हती.

"फौजेतून जिता आला माणूस," ती म्हणाली. "आता जमिनीच्या पोटात कायले नेता?"

"वैनी, मी मोजून नेतो अन् मोजून आणतो," देवसिंगनं तिला शब्द दिला.

आणि तो खरंच मोजायचा. गॅसचा भोंगा वाजला की सगळ्यांनी काम सोडून शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जमायचं आणि प्रमुखानं एकेकाचं तोंड पाहून नाव घ्यायचं, असा कंपनीचा नियम. देवसिंगला ते पटत नसे. तो सरावाच्या वेळी आठही जणांना रांगेत उभं करायचा आणि म्हणायचा, "गिनती कर." मग एकेकानं फौजेसारखा आपला नंबर ओरडायचा. हाफिजचा चौथा. त्याच्या डावीकडे हरिसिंग, पाचवा. त्याच्यापुढे अनिकेत, सहावा.

"हवालदारसाहेब, इथं लढाई लागली का?" अनिकेत चिडवायचा.

"लागली की कळंल तुले," देवसिंग म्हणायचा.

त्या रात्री दोनच्या सुमाराला भोंगा वाजला.

हाफिजनं जनरेटर बंद केला. ठिणगी पडायला नको म्हणून बॅटरीही पेटवायची नव्हती. चंद्र होता, पण धुकं असं दाट की चंद्र कुठं आहे ते कळत नव्हतं. नुसता पांढरा अंधार. सगळे धावत धुऱ्यावर आले. उभे राहिले. कुणाला कुणाचं तोंड दिसत नव्हतं.

"गिनती कर."

"एक."
"दो."
"तीन."
"चार," हाफिज म्हणाला.
"पाँच."
"छह."
"सात."
"आठ."

गिनती पूर्ण. आता कुणी आत जायचं नाही, गॅस विरेपर्यंत थांबायचं. देवसिंगनं श्वास सोडला आणि तांड्याच्या बोलीत हरिसिंगला काहीतरी विचारलं. ते दोघं आपसात तसंच बोलायचे.

उत्तर नाही.

"हरिसिंग?"



"ठसका लागला असंल त्याले," कुणीतरी म्हणालं.

देवसिंग म्हणाला, "फिरून गिनती."

एक. दो. तीन. चार.

"पाँच."

आवाज हरिसिंगचाच होता. हाफिजच्या डाव्या कानाजवळून आला. अगदी जवळून... पण कानाला गरम श्वास लागला नाही. एवढ्या थंडीत सगळ्यांच्या तोंडून वाफ निघत होती.

"हरिसिंग, मस्करी करून राह्यला का? लालीवैनीचं नाव घे पाहू."



पलीकडे पऱ्हाटीत काहीतरी वाळकं खुडल्यासारखं वाजलं. मग थांबलं.

देवसिंग रांगेशी आला. त्यानं उजवीकडून सुरुवात केली. एकेकाच्या छातीवर हात ठेवत पुढे सरकला. एक. दुसरा. तिसरा. हाफिजच्या छातीवर त्याचा हात आला. हात पुढे गेला. नुसत्या धुक्यातून गेला... आणि अनिकेतला लागला.

"तू कोणता?"

"सहावा."

"मंग पाचवा..."

"पाँच."

दोघांच्या मधून. हात होता तिथूनच.

अनिकेत खाली बसला. हाफिज म्हणतो, मला कलमा आठवत होता, पण तोंड उघडायची हिंमत नव्हती. तोंड उघडलं तर चौथा मीच आहे हे त्याला कळेल, असं वाटलं.

देवसिंगनं मात्र पाठीवर हवेचं नळकांडं चढवलं आणि धुक्यात शिरला. एकटा. नियम मोडून.

धुऱ्यावर सात जण उरले. कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. हाक मारली आणि भलत्यानंच ओ दिली तर?

रिगच्या खाली माणूसभर खोल खड्डा असतो. हरिसिंग तिथं होता. पडलेला नव्हता. उभा होता. हात मांडीला चिकटवून, सावधानमध्ये. डोळे उघडे. देवसिंगनं ओढला तेव्हा कुणीतरी सोडल्यासारखा एकदम त्याच्या अंगावर कोसळला.

जीव होता. यवतमाळला नेताना गाडीत त्याला शुद्ध आली.

"काहून ओढलं मले?" तो देवसिंगला म्हणाला. "मी तं रांगेतच होतो. तू गिनती म्हटलं, मी ओ देली."

"तू खड्ड्यात होता, हरिसिंग."

"हो... तिथंच. रांग मोठी होती. माह्या मागं लय जण होते. त्यायची गिनती अजून चालूच असंल."

एवढं बोलून त्यानं डोळे मिटले. पुढे तो बरा झाला, तांड्यावर गेला. पण मागून कुणी जवळ येऊन उभं राहिलं की आजही ओरडतो.

चाचा थांबले. गझाला माझ्याजवळ सरकली. मीही तिच्याजवळ सरकले.

"अन् हाफिजचाचू?" तिनं विचारलं.

हाफिज सकाळी इथंच, भावाच्या घरी आला, चाचा सांगू लागले. उजेडात पाहिलं तर स्वेटरच्या डाव्या खांद्यावर चार काळे ठिपके, ओळीनं. ग्रीस असेल म्हणून त्यानं लक्ष दिलं नाही. दुपारी देवसिंग भेटायला आला. ते ठिपके पाहून तो बसलेला उठून उभा राहिला. फौजेत रांग सरळ करताना मूठ बंद करून शेजाऱ्याच्या खांद्याला टेकवतात, त्यानं अंतर बरोबर येतं. देवसिंगनं आपली मूठ ठिपक्यांवर धरून दाखवली. चार पेरं. काळं होतं ते कोळशाचं. आणि रिगला तोवर कोळसा लागलाच नव्हता.



आता आतून चाचींचा आवाज आला. त्या हसत नव्हत्या.

"तो स्वेटर साबणानं धुतला, घासलेटानं धुतला. पेटीत ठेवला हाये तवापासून. वरीस झालं. कवाबी हात लावा, बोटाले काळं लागते."